हाताचं ऑपरेशन लोकल भूल देऊन: दुखू नये म्हणून काय करतात, काय करता येतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून हाताच्या ऑपरेशनआधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. लोकलमध्ये ऑपरेशन म्हणजे मी पूर्ण जागा असणार? मग कळणार नाही का?

जागे असणार, बोलणार, पण कापलेलं दुखणार नाही. लिग्नोकेन नावाचं औषध जिथे टोचतात तिथल्या नसांमधून दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाऊ देत नाही. मात्र स्पर्श, दाब, ओढणं आणि हलवणं थोडंफार कळत राहतं. हे आधी ठाऊक असलं की टेबलावर धसका बसत नाही. ‘ओढल्यासारखं वाटतंय म्हणजे भूल लागली नाही’ असा गैरसमज फार आढळतो. ओढ कळणं आणि दुखणं वेगळं. खरंच दुखलं तर काय करायचं ते प्रश्न १३ मध्ये.

२. कोणती ऑपरेशनं अशी होतात?

अडकणारं बोट (ट्रिगर फिंगर), मनगटात नस दबून रात्री मुंग्या येणं (कार्पल टनेल), अंगठ्याच्या बुडाशी मनगट दुखणं (डी कर्वेन), मनगटावरची गाठ, बोटाच्या टोकाची जखम, हाडात तार घालणं आणि कंडरा जोडणं. कंडरा म्हणजे ज्याला आपण ‘शीर तुटली’ म्हणतो ती. उसाच्या कोयत्याने किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूरमधल्या कापडाच्या मागावर बोटाची शीर तुटली तर जागं ठेवून जोडण्याचा एक मोठा फायदा असतो. जोडून झाल्यावर डॉक्टर टेबलावरच ‘मूठ करा, उघडा’ म्हणतात. जोड सुटतोय का, कुठे अडकतोय का, हे कातडी शिवायच्या आत दिसतं. पूर्ण भुलीत हे पाहता येत नाही.

३. मग नेमकं दुखतं काय?

बहुतेक लोक सुरीला घाबरतात, पण सुरीचं दुखणं कळतच नाही. त्रास होतो तो इतर गोष्टींचा: सुई टोचणं, औषध आत जाताना होणारी जळजळ, दंडाला आवळलेला पट्टा, एकाच स्थितीत पडून राहणं, थंड खोली आणि पुढे काय होणार हे न कळणं. यातली बरीच कमी करता येतात. इंजेक्शनबद्दल प्रश्न ४ ते ६, पट्ट्याबद्दल ८, पडून राहण्याबद्दल १४.

४. भुलीचं इंजेक्शनच सगळ्यात जास्त झोंबतं असं ऐकलंय. ते कमी दुखेल असं देता येतं का?

येतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा सावकाशपणाचा असतो.

आधी झोंबण्याचं कारण पाहू. ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं लिग्नोकेन बाटलीत टिकावं म्हणून आम्ल ठेवलेलं असतं. त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४ च्या आसपास, तर आपल्या शरीराचा ७.४. हा फरक म्हणजेच ती आग. त्यावर उपाय सोड्याचा. दहा मिलि लिग्नोकेनमध्ये ८.४ टक्क्यांचं एक मिलि सोडा बायकार्ब घालतात. आपल्याकडे ७.५ टक्क्यांची ॲम्प्यूल मिळते, तिचंही माप जवळपास तेच. मिश्रण लगेच वापरायचं. ठेवून दिलं तर ॲड्रेनलिनचा जोर उतरतो, आणि सोडा जास्त झाला तर औषध गढूळ होऊन साका धरू शकतं. औषध फ्रिजमधून थेट काढलेलं नसावं. अंगाइतकं कोमट असलं तर कमी टोचतं.

सुई बारीक हवी, २७ किंवा ३० नंबरची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. बारीक सुईतून औषध आपोआपच हळू जातं, हा तिचा दुसरा फायदा. सुई कातडीला काटकोनात, एका झटक्यात आत जाते. तिरकी घातली तर कातडीतल्या जास्त नसांना लागते. त्याच क्षणी डॉक्टर जवळची कातडी चिमटीत धरतात किंवा शेजारी टिचक्या मारतात. मेंदूला एकाच ठिकाणाहून दोन निरोप गेले की टोचल्याचा निरोप फिका पडतो. डासाने चावल्यावर शेजारी खाजवलं की बरं वाटतं, तोच प्रकार.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा. सुई आत गेल्यावर पहिलं औषध जेमतेम अर्धा मिलि घालायचं आणि थांबायचं, सुई स्थिर धरून, पेशंट ‘आता दुखत नाही’ म्हणेपर्यंत. याला पंधरा ते पंचेचाळीस सेकंद लागतात. मग साधारण दोन मिलि औषध तिथेच सावकाश, सुई पुढे न सरकवता. त्यानंतर सुई पुढे न्यायची ती औषधाच्या मागून. पुढे फुगवटा दिसला पाहिजे, म्हणजे सुईचं टोक कायम आधीच बधिर झालेल्या भागात राहतं. दुसऱ्यांदा टोचायची वेळ आली तर पांढऱ्या पडलेल्या बधिर कातडीतून, तिच्या कडेच्या एक सेंटिमीटर आतून. इतकं पाळलं तर पेशंटला पहिलं टोचणं तेवढं कळतं. चार-पाच मिनिटं जास्त जातात. घाईत एकदम दहा मिलि ढकललं की कातडी ताणून आग होते, आणि पेशंट नंतर सांगतो, ‘ऑपरेशन काही नाही हो, इंजेक्शनने जीव गेला.’

तुम्ही आधीच म्हणू शकता, ‘डॉक्टर, हळूहळू द्या, मी सांगेन दुखलं तर.’ यात उद्धटपणा काही नाही. चांगले डॉक्टर स्वतःच विचारतात, ‘आता दुखतंय का? कुठे?’, आणि उत्तर ऐकून हात थांबवतात. टोचताना बघू नका, मान दुसरीकडे वळवा.

५. तळहातात सुई म्हटलं की अंगावर काटा येतो. दुसरीकडून देता येत नाही?

बऱ्याचदा येतं. तळहाताची कातडी जाड आणि नसांनी भरलेली, म्हणून तिथे जास्त लागतं. कार्पल टनेलसाठी पहिलं टोचणं मनगटाच्या घडीच्या थोडं वर करून तिथे साधारण दहा मिलि देतात. ते लागलं की तळहाताचा काही भाग आधीच बधिर होतो, मग त्या बधिर भागातून खाली सरकत आणखी दहा मिलि. बोटासाठी बोटाच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने मधोमध एकच टोचून दोन मिलि पुरतं. बोटाच्या दोन्ही बाजूंनी दोनदा टोचायची जुनी पद्धत अजून चालते आणि चुकीचीही नाही, पण एकदा टोचून भागत असेल तर एकदाच बरं. अडकणाऱ्या बोटाला तळव्यातच द्यावं लागतं, मात्र चार मिलिच्या आसपास औषध पुरतं.

६. आधी लावायची बधिर करणारी मलई असते ना? ती लावून आलो तर?

लिग्नोकेन-प्रिलोकेनची मलई मिळते. जाड थर लावून वर प्लास्टिक चिकटवून किमान एक तास ठेवावी लागते, आणि ती कातडीच्या वरच्या थरापुरतीच काम करते. मनगटावर, हाताच्या पाठीवर उपयोग होतो. तळव्यावर जवळपास नाहीच. लहान मुलांसाठी आणि सुईची फार भीती असलेल्यांसाठी जरूर विचारा. घरून स्वतः लावून येऊ नका. कुठे टोचणार हे डॉक्टर ठरवणार, आणि पेन-मार्करच्या खुणा मलईवर टिकत नाहीत.

७. इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास बाहेर बसवून ठेवतात. विसरले की काय?

विसरत नाहीत, मुद्दाम बसवतात. बधिरपणा पाच-दहा मिनिटांत येतो, पण ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या पुरत्या आकसायला साधारण २५ ते ३० मिनिटं लागतात. हा वेळ दिला की जखमेत रक्त कमी येतं आणि दंडाचा पट्टा लागतच नाही. दहा मिनिटांत सुरी लावली की रक्त येतं, मग पट्टा आवळावा लागतो आणि टाळता आला असता तो त्रास सुरू होतो. म्हणून गर्दीच्या दिवशी पुढच्या दोन पेशंटना आधीच भूल देऊन बसवून ठेवणं हीच बरी व्यवस्था.

या अर्ध्या तासात लघवीला जाऊन या. हे क्षुल्लक वाटतं, पण टेबलावरच्या अस्वस्थपणाचं ते एक खरं कारण असतं.

८. दंडाला बीपीच्या मशीनसारखा पट्टा आवळतात तो किती वेळ सहन होतो?

त्याला टुर्निके म्हणतात. कापल्यावर आतलं नीट दिसावं म्हणून हाताचं रक्त थांबवतात. दाब बहुधा २५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, म्हणजे बीपी मोजण्यापेक्षा बराच जास्त. दंडाला भूल नसेल तर बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटांनंतर तो असह्य होऊ लागतो. आधी दाब, मग ठणका, मग पूर्ण हातभर जड मुंग्या. पाच-दहा मिनिटांच्या कामाला हरकत नाही. त्याहून लांब काम असेल तर दोन मार्ग: ॲड्रेनलिन देऊन वाट पाहणे (प्रश्न ७), नाहीतर खांद्याजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधिर करणे. पट्टा लावणार असतील तर ‘किती मिनिटं?’ एवढं विचारा. आणि त्याखाली कापसाचा मऊ थर गुंडाळला आहे ना ते पाहा.

९. बोटात ॲड्रेनलिन द्यायचं नाही, बोट काळं पडतं, असं आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनीच सांगितलं. खरं काय?

हे अनेक डॉक्टरांनी पुस्तकात तसंच शिकलं आहे, त्यामुळे त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. ती भीती जुन्या काळची. १९५० च्या आधी बोट मेल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या त्यांत बहुतेक ठिकाणी प्रोकेन नावाचं औषध होतं. ते पडून राहिलं की फार आम्ल व्हायचं, आणि तेव्हा बाटलीवर एक्स्पायरी नसायची. लिग्नोकेन आलं १९४८ च्या सुमारास. प्रोकेन मागे पडलं, नियम तेवढा तसाच राहिला.

कॅनडातले हाताचे सर्जन डॉ. डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ३,११० ऑपरेशनांची नोंद छापली. हातात आणि बोटांत ॲड्रेनलिन दिलं होतं. एकाही पेशंटचं बोट गेलं नाही. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. तिला वॉलॅंट म्हणतात, म्हणजे जागं ठेवून, पट्ट्याविना.

तरी दोन अटी आहेत. ॲड्रेनलिनचं प्रमाण एक लाखात एक किंवा त्याहून पातळ हवं. आपल्याकडच्या २ टक्के लिग्नोकेनच्या बाटलीत दोन लाखात एक असतं. त्यात तेवढंच सलाईन घातलं की लिग्नोकेन १ टक्का आणि ॲड्रेनलिन चार लाखात एक होतं. दुसरी अट, बोटात आधीपासून रक्त नीट येत असलं पाहिजे. कोणाला चालत नाही ते प्रश्न २० मध्ये. बोट फारच वेळ पांढरं राहिलं तर फेंटोलामाइन हे उतारा-औषध असतं, एक मिलिग्रॅम त्याच जागी टोचतात. ते हाताशी आहे ना, हा प्रश्न रास्त आहे.

१०. इंजेक्शननंतर छातीत धडधड, हात थरथर. हार्टचं काही झालं का?

बहुतेक वेळा ते ॲड्रेनलिनच. चार कप कडक चहा एकदम घेतल्यासारखं वाटतं. वीस-तीस मिनिटांत ओसरतं. आधी सांगितलेलं असेल तर कोणी घाबरत नाही, न सांगितलेलं असेल तर अर्ध्या घराला बातमी जाते. मात्र छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर वाट न पाहता सांगा.

११. मला सुई पाहिली की चक्कर येते.

हे आधी सांगा, लाजू नका. धष्टपुष्ट तरुण गड्यांनाही येते. मुळात भूल बसवून द्यायचीच नाही, आडवं झोपवून द्यायची. गळ्याशी गरम वाटलं, घाम फुटला, मळमळ झाली की लगेच सांगायचं. मग डोकं खाली, पाय वर; गुडघ्याखाली उशी. मिनिटा-दोन मिनिटांत माणूस सावरतो. सोबत आलेल्यांपैकी कोणी इंजेक्शन पाहायला उभं राहू नये. पेशंटपेक्षा नातेवाईकच खाली बसल्याचं जास्त पाहायला मिळतं.

१२. इतकं औषध टोचतात, जास्त झालं तर?

मर्यादा वजनावर असते. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेन प्रत्येक किलोला ७ मिलिग्रॅम, ॲड्रेनलिनविना सुमारे ४.५. पन्नास किलोच्या बाईला ॲड्रेनलिनसह ३५० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं ३५ मिलि. २ टक्क्याचं असेल तर त्याच्या निम्मं, साडेसतरा. इथेच घोळ होतो: मिलि मोजले आणि टक्का पाहिला नाही. म्हणून वजन खरं सांगा, वाटेल ते आकडे नकोत.

जास्त झाल्याच्या किंवा रक्तात गेल्याच्या खुणा: जिभेला धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात गुंई आवाज, बोलणं अडखळणं. यातलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी सांगा. अशी वेळ फार क्वचित येते, पण उपचार तयार असतात: ऑक्सिजन, झटक्यांवरचं औषध आणि २० टक्के लिपिड इमल्शन.

१३. मध्येच दुखायला लागलं तर? डॉक्टर कन्नड, मला कन्नड येत नाही.

दुखलं तर सहन करत पडायचं नाही. आणखी भूल देता येते, आणि ती आधीच बधिर भागातून दिली की टोचलेलं कळतही नाही. दात आवळून सोसणाऱ्याचा हात नकळत हलतो, आणि कापत असताना हात हलणं डॉक्टरांना अजिबात नको असतं.

भाषेचं म्हणाल तर बेळगावात बहुतेकांना दोन्ही कळतात. पण हुक्केरी किंवा रायबागच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं की गाठ न कळणाऱ्या माणसाशीही पडते. दोन शब्द पुरेत: ‘नोवु’ म्हणजे दुखतंय, आणि ‘तडीरि’ म्हणजे थांबा. शब्दही नको असेल तर आधीच ठरवा, दुसऱ्या हाताचं बोट वर केलं की दुखतंय. हात झटकायचा नाही, फक्त बोट.

सहीचा कागद कन्नडमध्ये असेल तर वाचून, मराठीत समजावून घ्या. कुठलं बोट, कुठला हात, कुठली भूल, या तीन गोष्टी तुमच्याच तोंडून म्हणा. सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरचे मामा, कोणीतरी मराठीत समजावून सांगतंच.

१४. तास-दीड तास पडून राहायचं. मला पाठीचा त्रास आहे.

गुडघ्याखाली उशी मागा, पाठीचा ताण कमी होतो. ऑपरेशनचा हात बाजूच्या फळीवर ठेवतात. तो खांद्यापासून काटकोनाच्या पलीकडे ताणला तर खांदा दुखतो आणि तिथली नस ओढली जाते. ‘खांद्याला ओढ बसतेय’ हे सुरुवातीलाच सांगा, हिरवी कापडं टाकल्यावर हलवणं अवघड. तोंडावर कापड आलं की गुदमरल्यासारखं होणाऱ्यांनी तेही सांगा, चेहऱ्याजवळ कापड उंच धरायची सोय असते. खोली थंड असते, चादर मागा. कानात बड घालून भजन, कीर्तन, नाट्यगीत जे आवडतं ते ऐकायची परवानगी बहुधा मिळते. पण एकच कान, कारण डॉक्टरांचं ‘मूठ करा’ ऐकू आलं पाहिजे.

१५. उपाशी यायचं का? मला शुगर आहे.

फक्त लोकल असेल तर शक्यतो उपाशी राहायची गरज नसते. शुगरवाल्याने तर नेहमीचं उप्पीट-चहा घेऊन, गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेऊनच यावं. रिकाम्या पोटी शुगर उतरते आणि चक्कर येते. पण हाड बसवायचं असेल, वा भूल वाढवून झोपवावं लागण्याची शक्यता असेल, तर सहा तास अन्न आणि दूध बंद, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी, असा नियम. नेमकं काय होणार हे आदल्या दिवशी विचारून घ्या. सकाळी सातला खानापूरहून निघालेला माणूस बाराला टेबलावर जातो, तोवर पोटात काही नसणं हाच त्रास.

१६. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बीपीच्याही.

स्वतःहून बंद करू नका. हाताच्या छोट्या ऑपरेशनला ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल बहुधा चालू ठेवतात, वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) पाहून ठरवतात. हातातलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयातली किंवा मेंदूतली गुठळी नाही. बीपीची गोळी त्या सकाळीही घ्या. एकच वेगळं सांगायचं: प्रोप्रॅनोलॉल किंवा तत्सम गोळी असेल तर चिठ्ठी दाखवा, कारण तिच्याबरोबर ॲड्रेनलिनने बीपी अचानक चढू शकतो.

१७. बांगड्या, अंगठी, मनगटातला गंडा काढावाच लागतो का?

त्या हातातलं सगळं, हो. अंगठी सगळ्यात आधी, कारण सुजल्यावर ती बोटाचं रक्त अडवते. न निघणारी अंगठी साबणाने किंवा दोरा गुंडाळून निघते, नाहीतर कापावी लागते. घरीच काढून या. काचेच्या बांगड्या ऐनवेळी वाढवायची पाळी आली की सुवासिनीचं मन कष्टी होतं, आणि काचही लागते. आदल्या दिवशी साबण लावून सावकाश उतरवून दुसऱ्या हातात घाला. गंडा, देवाचा दोराही सोडून दुसऱ्या मनगटात बांधता येतो. बोटांवर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश नको, नखाचा रंग पाहून रक्त येतंय का कळतं.

१८. दाताच्या डॉक्टरकडे लिग्नोकेनने त्रास झाला होता. मला ॲलर्जी आहे का?

असू शकते, पण खरी ॲलर्जी दुर्मिळ. ‘त्रास’ म्हणजे काय ते नीट आठवा. धडधड आणि थरथर असेल तर प्रश्न १०. चक्कर आणि घाम असेल तर प्रश्न ११. अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, घरघर असं झालं असेल तर मात्र पक्कं सांगा, म्हणजे आधी तपासून ठरवतील. तोवर दुसरं औषध वापरता येतं.

१९. भूल मला लागतच नाही. मागे दोनदा टाके घालताना सगळं कळलं.

कारणं बरीच असतात. औषध दिल्यावर थांबलेच नाहीत, पू होता (प्रश्न २१), चुकीच्या जागी दिलं, कमी दिलं. आणखी एक, आपल्याकडच्या लोकांसाठी खास: पूर्वी विंचू चावला होता का? वारंवार विंचू चावलेल्यांना लोकल भूल उशिरा लागते, कमी लागते किंवा लागतच नाही, असं भारतातल्या भूलतज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे. कारण अजून पक्कं उलगडलेलं नाही. रानात काम करणाऱ्यांनी हे मुद्दाम सांगावं. मग डॉक्टर सुरीआधी टोचून नीट तपासतात आणि दुसरी भूल हाताशी ठेवतात. सुरीआधी कातडीला चिमटा घेऊन ‘कळतंय का?’ असं विचारतातच. ‘थोडंसं’ असेल तर थोडंसं म्हणा, उगाच ‘नाही’ नको.

२०. कोणाला ॲड्रेनलिन देऊ नये?

ज्यांच्या बोटांना आधीच रक्त कमी येतं त्यांना. निपाणी भागात हा प्रश्न महत्त्वाचा. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्यांना बर्जर नावाचा आजार होतो: हातापायाच्या छोट्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात, बोटं गार, निळसर, टोकं काळी, जखम भरत नाही. अशा बोटात ॲड्रेनलिन नकोच. थंडीत बोटं पांढरी पडतात (रेनॉ), कातडी कडक होते (स्क्लेरोडर्मा), डायलिसिससाठी त्या हातात रक्तवाहिन्या जोडलेल्या आहेत, पूर्वी त्या बोटाची रक्तवाहिनी शिवली आहे, यांनाही सांगावं. डॉक्टर नखाचं टोक दाबून सोडतात. दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. आणि विडी, सिगारेट ऑपरेशनच्या आसपास बंद. निकोटिनने जे होतं तेच ॲड्रेनलिनने होतं, आणि भरायच्या जखमेला दोन्ही एकदम नको.

२१. बोटात पू झालाय. डॉक्टर म्हणतात भूल नीट लागणार नाही.

बरोबर म्हणतात. पू झालेल्या जागी आम्लता असते, त्यामुळे औषध नसेत शिरत नाही, शिवाय सुजलेल्या बोटात औषध भरणं फार दुखतं. म्हणून भूल पू असलेल्या भागापासून दूर, बोटाच्या बुडाशी किंवा मनगटाशी देतात. ते जमत नसेल तर वरून पूर्ण हात बधिर करतात. नुसतं बोट फोडून घेण्यापेक्षा हा वेळ घालवलेला बरा.

२२. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला लोकल चालेल?

मुलावर आहे. समजूतदार असेल, हात स्थिर ठेवत असेल तर बोटाच्या छोट्या कामाला चालतं. मलई (प्रश्न ६) आणि वजनावर मोजलेला डोस (प्रश्न १२) हवाच. ‘काही होत नाही, मुंगी चावेल’ असं खोटं सांगू नका. पुढच्या वेळी तो कोणाचंच ऐकणार नाही. धरून ठेवावं लागणार असेल तर झोपेची भूल बरी.

२३. भूल कधी उतरते, आणि मग?

ॲड्रेनलिनसह लिग्नोकेन हातात साधारण पाच तास, बोटात त्याहून जास्त, आठ-दहा तासही. दुखणं एकदम अंगावर येऊ द्यायचं नाही. पहिली गोळी भूल असतानाच, तीन-चार तासांनी घ्यायची. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम, आणि दिवसातही त्याच मापाने कमी. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर आणखी कमी. आयब्युप्रोफेन जेवणानंतर, पण किडनी वा अल्सरचा त्रास असेल, गरोदरपणाचे वीस आठवडे उलटले असतील तर नको.

बधिर हात म्हणजे परका हात. चहाच्या कपाला, तव्याला, दारात सापडायला तो घाबरत नाही, म्हणून गरम वस्तूपासून लांब. हात हृदयाच्या वर ठेवा: झोळीत लोंबकळत नव्हे, छातीशी उंच. निपाणीला परत जाताना बसमध्ये खिडकीशी बसा, हात उशीवर, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दुसऱ्या हाताने आधार. लोंबत ठेवलेला हात सुजतो आणि सुजलेला हात रात्रभर ठणकतो. खांदा, कोपर, मोकळी बोटं मात्र हलवत राहा.

२४. घरी आल्यावर बोट पांढरं दिसतंय. घाबरायचं?

ॲड्रेनलिनने पाच-सहा तास फिकट राहू शकतं. हळूहळू गुलाबी होत असेल तर ठीक. संध्याकाळपर्यंत पांढरं, गार, नख दाबून सोडल्यावर रंग येत नाही, असं असेल, किंवा निळसर-काळसर होत असेल तर लगेच फोन करून दवाखान्यात. पट्टी घट्ट वाटत असेल, बोटं फुगून चकाकत असतील, दुखणं गोळीने थांबत नसेल तर तसंच. पट्टी सैल केल्यावर पाच मिनिटांत बरं वाटलं तर दोष पट्टीचाच होता.

२५. टाके काढताना पुन्हा इंजेक्शन लागेल?

नाही. तळव्याचे टाके साधारण १० ते १४ दिवसांत काढतात. सुकलेलं रक्त टाक्याला चिकटलं की ओढताना लागतं, म्हणून आधी सलाईनने भिजवायला सांगा.